तळेगावचा समुद्रकिनारा

चांगलं लिखाण शांत जागेवाचून होत नाही, हे आता सर्वमान्य आहे. (अशांत जागी ज्यांनी लिहिलं, त्यांच्याकडे व्हिडिओ बघायची सोय नव्हती.) मला आईची जीवनकथा लिहायची होती. येत्या बुद्धपौर्णिमेला विहार समिती ती छापणार, असं ठरलं होतं. आईला, म्हणजे तानाबाईला, अलीकडे विसर पडायला लागला होता, त्यामुळे काम तातडीचं होतं. आणि तातडीच्या कामाची सुरुवात जागेच्या पाहणीने करायची असते, हे मी पंचायत समितीच्या नोकरीत शिकलो आहे.

मी बघितलेल्या अशाच एका व्हिडिओतल्या बाईंच्या मते लेखनाची खोली समुद्राकाठी असावी, पांढरी असावी आणि तिच्यात कमीत कमी वस्तू असाव्यात. आमचं तळेगाव वर्धा जिल्ह्यात येतं. समुद्र इथून बराच लांब पडतो, पण म्हणून अडून बसायचं कारण नाही. समुद्र म्हणजे ओला वारा, न थांबणारा आवाज आणि खारं पाणी. या तिन्ही अटी आमचा कूलर पूर्ण करतो. (पाणी बोअरचं आहे. कूलरच्या गवतावर क्षारांची खपली धरते.)

खोली निवडली ती आईची, कारण उजेड तिथेच चांगला. तिची खाट ओसरीत नेली, पेटी स्वयंपाकघरात, गोधड्या माळ्यावर. भिंतीवरचं सगळं उतरवलं. बाबासाहेबांच्या फोटोला हात लावला तशी आई म्हणाली, "त्यो निंगला त मीबी निंगतो." कमी वस्तूंचं तत्त्वज्ञान आमच्या घरात तिथे थांबलं.

रंगाला मात्र सगळा पावसाळा गेला. पांढरा रंग एकच असतो, असं अडाणी लोकांना वाटतं. पहिला लावला तो दह्यासारखा दिसला, दुसऱ्याने खोलीचा दवाखाना झाला. शेवटी 'शिंपला' नावाच्या छटेवर एकमत झालं. (सभेला मी एकटाच हजर होतो.)

या काळात आई अधूनमधून ओसरीतून हाक मारायची.

"प्रेमदास, छप्पनले दीक्षेसाठी आमी गाडीबैलानं नागपूरले गेलतो. माया बापानं गाडीत सर्व्यात पयले काय ठेवलं, मालूम हाय काय तुले?"

"थांब ना आई. खोली होऊन राह्यली. मंग सांगजो."

"मंग इसरीन ना मी."

तिचं म्हणणं योग्य त्या स्तरावर विचाराधीन ठेवण्यात आलं.

दिवाळीला खोली पूर्ण झाली. एक टेबल, एक खुर्ची आणि नागपूरच्या प्रदर्शनातून आणलेला एक शंख. मी फोटो काढून मोबाइलवर टाकला आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसातून आलो की लिहायला बसायचं, असं जाहीरही केलं.

आराखड्यात एकच गोष्ट सुटली होती. आमच्या भागात दिवाळीनंतर कोणाच्या घरी रिकामी खोली नसते. असलीच, तर ती भाव चढायची वाट बघणाऱ्या कापसाची असते. रोहण्याचा माझा साळा अश्विन, त्यानेही तो फोटो पाहिला. बाकीच्यांना त्यात शांतता दिसली, त्याला जागा दिसली. संध्याकाळी घरी आलो तर खिडकीपर्यंत कापूस भरलेला.

"भाऊजी, खोली एकदम मोकयी दिसली," अश्विन म्हणाला. "भाव चढला का उचलतो."

बायकोने, सरिताने, दारातून एकदा खोलीकडे आणि एकदा माझ्याकडे बघितलं. "तुमाले पांढरंच पाह्यजे होतं ना?"

खरं सांगतो, मला हायसं वाटलं. न लिहिण्याला इतकं भक्कम कारण शासनदरबारीही मिळत नाही. त्या हायसं वाटण्याची नंतर लाजही वाटली, पण ती नंतर.

भाव काही चढला नाही. होळीच्या आसपास कंटाळून अश्विनने कापूस उचलला. मी खोली पुसली, कूलर लावला, आईला खुर्चीवर बसवलं आणि पेन उघडलं.

"आई, आता सांग. नागपूरले जातानी आबानं गाडीत पयले काय ठेवलं?"

तिने पदर खांद्याभोवती ओढून घेतला.

"कोनत्या गाडीत?" ती म्हणाली. मग जरा वेळाने, "ते बंद कर ना बाबू. मले थंडी वाजून राह्यली."

मी समुद्र बंद केला. खोली पहिल्यांदाच खरोखर शांत झाली. मला रडू आलं, पण डोळे पुसायला तिथे काही नव्हतं. (कमीत कमी वस्तू.)

त्या फोटोखाली लोक अजून रंग विचारतात. त्यांच्यासाठी सांगतो: शिंपला, दोन हात. गाडीत काय ठेवलं होतं, हे तुम्हाला विचारायचं असेल, तर माझ्याकडे उत्तर नाही. मात्र तुम्ही हे वाचत असताना आतून कोणीतरी हाक मारली होती, आणि तुम्ही मान वर न करता म्हणालात, "थांब, एवढं वाचून होऊ दे." आता वाचून झालं आहे. जाऊन विचारा, काय सांगायचं होतं ते अजून आठवतं का.