बुडबुडा आला नाही तर पास

लॅपटॉप नळाखाली धरताना त्याला अजिबात भीती वाटली नाही, हे आधी सांगायला हवे. बाकीचे सगळे लाज आणणारेच आहे.

तो बरण्यांच्या झाकणांच्या कारखान्यात तपासनीस. बंद बरणी पाण्यात बुडवायची आणि बघत राहायचे. बुडबुडा आला नाही तर झाकण पास. आयुष्यभर हेच केल्यामुळे बंद वस्तूंवर त्याची श्रद्धा बसली होती. आणि हा लॅपटॉप तर बरणीपेक्षा बंद. ना स्क्रू, ना खाच, ना बॅटरी काढायची सोय. त्यानेच बायकोला वाढदिवसाला दिलेला. त्या सकाळी त्याच्या ब्रेडवरचा जॅम लॅपटॉपवर पडला, फडक्याने आणखी पसरला, म्हणून त्याने लॅपटॉप मिटून सरळ नळाखाली धरला.

बुडबुडा आला.

एकच. कडेच्या फटीतून. मग त्याच्यामागून त्याची भावंडे.

(थोडे मागे जाऊ. त्यालाही तेच हवे होते.)

बायको नाटकांचे नेपथ्य करते. तिचा जुना लॅपटॉप जाडजूड, एक कोपरा फुटलेला. तिनेच तो उघडून बॅटरी बदलली होती, मेमरी वाढवली होती, पंख्यातला कचरा काढला होता.

"ही वीट घेऊन तू माझ्या साहेबांसमोर बसतेस!"

"का, साहेबांना तिच्यावर बसायचं होतं?"

"अगं, जे उघडत नाही ते बिघडत नाही."

"आणि बिघडलं तर?"

"उघडतच नाही, तर बिघडेल कसं?"

ती उठून कामाला लागली. आपण जिंकलो असे समजून त्याने नवा लॅपटॉप आणला आणि वीट तिला न विचारता कोपऱ्यावरच्या दुरुस्तीच्या दुकानात देऊन टाकली. दुकानात त्या दिवशी मालकाचा भाऊ बसला होता.

(आता नळापाशी.)

त्याने लॅपटॉप हलवला. आत खळखळ झाली. मग केस वाळवायचे यंत्र आणून त्याने गरम हवा मारली. त्याने पाणी काही गेले नाही, आतला गोंद मात्र वितळला आणि पडद्याची कड भिंतीच्या पोपड्यासारखी सुटली. ती जागेवर बसवायला त्याने अंगठ्याने दाबली. काच तडकली.

संध्याकाळी बायको नव्या नाटकाचे आराखडे दिग्दर्शकाला दाखवणार होती. सगळे यातच. त्याने लॅपटॉप टॉवेलात गुंडाळला आणि दुकान गाठले. या वेळी गल्ल्यावर खुद्द मालक होता.

"काय झालं?"

"आपोआप बंद पडला."

मालकाने लॅपटॉप तिरका केला. धार लागली.

"भिजलापण आपोआपच का?"

"जॅम होता वर."

"म्हणून धुतलात?"

त्याने टॉवेलाने गल्ल्यावरचे पाणी टिपले.

"आतलं काम तरी काढता येईल का हो?"

"कुठून काढू? सगळं एकाच सर्किटच्या पाटीवर डाग देऊन बसवलंय. पाटी गेली, सगळं गेलं. जुन्यात बरं, आतली डिस्क काढा, दुसऱ्यात लावा."

त्याला एकदम वीट आठवली. जुने आराखडे तरी तिच्यात असतील!

"इथं एक जाडा लॅपटॉप होता ना? कोपरा फुटलेला?"

"तो होय! दुसऱ्याच दिवशी गेला. एक ताई धावत आल्या. म्हणाल्या, माझाच आहे, नवऱ्यानं परस्पर देऊन टाकला. नाटकाचं काम करतात त्या. अजून सगळं काम त्याच्यावरच चालतं, तालमीच्या हॉलमध्ये ठेवतात."

"आणि घरचा नवा?"

"त्याच्यावर संध्याकाळी नुसती बोटं फिरवतात. नवऱ्याला बरं वाटावं म्हणून."

"नवरा कसा आहे?" हे आपण का विचारले, ते त्याला कळले नाही.

"चांगला आहे म्हणाल्या. फक्त सुटे भाग मिळत नाहीत."

घरी बायको पुठ्ठ्याच्या छोट्या जिन्याला रंग देत होती. दोन्ही हात रंगलेले.

"लॅपटॉप गेला," तो म्हणाला.

"अरे देवा! माझं सगळं काम!" ती म्हणाली. केसातली पिन हरवली तरी माणूस याहून जास्त हळहळतो. इतकी वर्षे नाटकात काढून तिला अभिनय जमला नव्हता, आणि तरी रोज संध्याकाळी ती त्याच्यासाठी तो करत आली होती. त्याला वाटले, लॅपटॉपऐवजी आपणच नळाखाली बसायला हवे होते.

"दिग्दर्शकाला काय दाखवशील?"

"आठवेल तसं काढीन." तिने त्याच्याकडे बघितले नाही.

सांगून टाकावे म्हणून त्याने तोंड उघडले. तेवढ्यात तिचा फोन वाजला.

"स्पीकरवर टाक रे, माझे हात रंगाचे आहेत."

त्याने टाकला.

"ताई, सावध राहा हं! आत्ता एक गृहस्थ तुमच्या लॅपटॉपची चौकशी करून गेले. मी अवाक्षर सांगितलं नाही."

"बरं केलंत."

"विचित्र माणूस हो! लॅपटॉप नळाखाली धुऊन आणला आणि म्हणतो, आपोआप बंद पडला. असल्या माणसाला घरचे कसं सांभाळत असतील?"

बायकोने नवऱ्याकडे पाहिले. नवरा फरशीकडे पाहत होता.

"सवय होते," ती म्हणाली.