मुलाच्या गेमचा रिजेक्शन रिपोर्ट

पोटच्या पोराच्या गेमला पाचापैकी एक तारा देऊन ज्योतीराम लोमटे यांनी फोन टेबलावर ठेवला आणि निवलेला चहा समाधानाने संपवला. ताऱ्याखाली त्यांनी बासष्ट दोष लिहिले होते, प्रत्येकाचं कारण आणि उपाय यांसह. चाकणच्या एका कंपनीत एकतीस वर्षं फायनल इन्स्पेक्शनला काढलेल्या माणसाकडून दुसरी अपेक्षा करण्यात अर्थ नव्हता. तिथला रिवाजच तसा होता. पुरवठादाराचा पहिला नमुना आला की तो नापास करायचा, हातात दोषांची यादी द्यायची आणि पुरवठादाराने ती मुकाट घेऊन जायची. पहिलाच नमुना पास करणारा इन्स्पेक्टर एक तर आंधळा असतो नाहीतर पुरवठादाराचा जावई, असं ज्योतीरामांचं मत होतं.

मुलगा धनेश तळवड्याच्या आयटी पार्कमधल्या एका चार टेबलांच्या कंपनीत मोबाइलचे गेम बनवायचा. 'चाकण डिलिव्हरी' हा त्याचा पहिला स्वतंत्र गेम. टेम्पोत सुटे भाग भरायचे आणि चाकणच्या कंपन्यांत वेळेवर पोचवायचे, एवढाच खेळ. त्याने थेरगावच्या घरी वडिलांच्या फोनवर तो स्वतः टाकून दिला आणि म्हणाला, "बाबा, बघा आणि खरं खरं सांगा." हे वाक्य ज्योतीरामांना आजवर कुणी दुसऱ्यांदा म्हणालेलं नव्हतं.

ज्योतीरामांनी तीन दिवस गेम तपासला. भरलेला टेम्पो वळणावर कलत नव्हता. दोर न बांधताही खोकी जागची हलत नव्हती. चाकणच्या चौकातून गाडी दोन मिनिटांत सुटत होती. गेटवर वॉचमन अडवत नव्हता आणि गाडी मागे घेताना कुणी ओरडत नव्हतं. त्यांनी हे सगळं गेमच्या पानावर लिहिलं, कारण त्यांच्या समजुतीप्रमाणे रिपोर्ट फक्त बनवणाऱ्याकडे जातो. तोंडी सांगायचा तर प्रश्नच नव्हता, तोंडी रिपोर्टला किंमत नसते. खाली नाव उमटलं 'फायनल इन्स्पेक्शन'. निवृत्तीच्या दिवशी मिळालेल्या फोनने नाव विचारलं तेव्हा त्यांनी सवयीने तेच टाकलं होतं.

आठवडाभराने जेवताना धनेश ताटातल्या भाकरीचे नुसतेच तुकडे करत बसला. त्याच्या आईने, विमलबाईंनी, कारण विचारलं तेव्हा त्याने सांगितलं, की कुणा फायनल इन्स्पेक्शन नावाच्या माणसाने गेमची सालटी काढली आहेत. तो शेरा अकराशे लोकांना 'उपयुक्त' वाटला होता. लोक गेम खेळायचे सोडून शेराच वाचत होते आणि एकमेकांना पाठवत होते. मालकीण रश्मी मॅडम यांनी दुसऱ्या भागासाठी सहा महिने दिले होते. तोही पडला तर कंपनी बंद, चौघांनी आपापली वाट धरायची.

"कोण मेला आहे हा?" विमलबाई म्हणाल्या. "त्याला पोरंबाळं नाहीत का? असल्या माणसाचं घरात कुणी तोंड कसं बघतं?"

ज्योतीरामांनी वरणात लक्ष घातलं. रिपोर्ट साऱ्या जगाला दिसतो हे त्यांना त्या क्षणी कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते डांगे चौकात अन्वरला भेटायला गेले. अन्वरचा स्वतःचा टेम्पो होता. वीस वर्षं तो ज्योतीरामांच्या कंपनीत माल आणायचा आणि निम्मा माल नापास होऊन परत न्यायचा, त्यातूनच दोघांची दोस्ती झाली होती. बासष्टपैकी पंचवीस दोष त्यानेच सुचवले होते, फक्त गेम कुणाचा ते त्याला ठाऊक नव्हतं. आता ते ऐकल्यावर त्याने कपाळाला हात लावला.

"भाऊ, खोडून टाका की. एक बटण तर दाबायचंय."

"सही केलेला रिपोर्ट फाडत न्हाईत, अन्वर. पोरगं माझं हाय म्हणून दोष गायब होत्यात का?"

"मग पोराची नोकरी जाऊ द्यायची?"

ज्योतीरामांनी टेम्पोच्या टायरची हवा दाबून तपासली. नापास माल परत पाठवल्यावर ते स्वस्थ बसत नसत. पुरवठादाराच्या शेडमध्ये जाऊन, दुरुस्ती होईपर्यंत त्याच्या डोक्यावर उभे राहत. इथेही तेच करावं लागणार होतं, फक्त पुरवठादाराला न दिसता.

संधी चालून आली ती धनेशच्याच हातून. त्याने गेमच्या पानावर उत्तर लिहिलं होतं. 'आदरणीय फायनल इन्स्पेक्शन सर, राग आला होता, पण तुमचे बासष्टच्या बासष्ट मुद्दे बरोबर आहेत. दुसऱ्या भागासाठी मार्गदर्शन कराल का?' हे त्याने बैठकीच्या खोलीत बसून लिहिलं आणि गॅलरीत उभ्या असलेल्या वडिलांच्या फोनवर ते वाजलं. ज्योतीरामांनी कुंडीला पाणी घालण्याचं नाटक केलं. कुंडी रिकामी होती.

त्याच रात्री त्यांनी 'नमुना पाठवा' एवढंच उत्तर लिहिलं आणि तेव्हापासून दर रविवारी नवा नमुना येऊ लागला. घरी तपासणं शक्य नव्हतं, म्हणून ज्योतीराम 'फिरायला' जाऊन अन्वरच्या टेम्पोत बसू लागले. अर्ध्या तासाचं फिरणं तीन तासांवर गेलं. विमलबाईंनी विचार केला, माणूस इतका चालतो आणि कुणाला काही सांगत नाही, म्हणजे डॉक्टरने काहीतरी गंभीर सांगितलं असणार. त्यांनी चहातली साखर बंद केली. मग भात बंद केला. शेवटी धनेश वडिलांना उपाशीपोटी रक्त तपासायला घेऊन गेला. खरं सांगण्यापेक्षा ज्योतीरामांनी बाह्या वर करून मुकाट रक्त दिलं. अहवाल उत्तम आला, त्यामुळे विमलबाईंची काळजी दुप्पट झाली.

गेम मात्र सुधारत होता. आता दोर नीट आवळला नाही तर वळणावर खोकी रस्त्यावर यायची. भरलेली गाडी चढाला कण्हायची. गेटवर वॉचमन मालाचं चलन उलटंसुलटं करून बघायचा आणि 'बाजूला लावा' म्हणायचा. मागे घेताना ओरडायला आवाज हवा होता, तर अन्वरने "येऊ द्या, येऊ द्या, अजून येऊ द्या, बास" असं फोनमध्ये भरून दिलं. चाकण चौकातला जाम पहिल्या नमुन्यात चाळीस मिनिटं सुटेना. धनेशने घाबरून विचारलं, की हा दोष मोठा आहे का. ज्योतीरामांनी कळवलं, की दोष नाही, उलट वेळ थोडा कमी वाटतो. अन्वरला मात्र खेळणाऱ्याची दया आली. जाममध्ये माणूस इंजिन बंद करतो, शेजारच्या गाडीवाल्याशी बोलतो, आणि गट्टी जमली तर तो आतला रस्ता सांगतो, असं त्याने सुचवलं. धनेशने तसं केलं, आणि पहिल्या भागात नसलेला तो जामच दुसऱ्या भागातली सगळ्यात गोड गोष्ट ठरला.

'चाकण डिलिव्हरी - दोन' बाजारात आला आणि चालला. लोक मुद्दाम जाममध्ये जाऊन अडकू लागले. कंपन्यांच्या बसमध्ये शिफ्टला जाणारी माणसं खऱ्या जाममध्ये बसून खोट्या जाममध्ये गप्पा मारू लागली. चौघांच्या नोकऱ्या वाचल्या. ज्योतीरामांनी त्या दिवशी दत्ताला नारळ फोडला आणि कारण विचारल्यावर, रक्ताचा अहवाल चांगला आला म्हणून, असं सांगितलं. अहवालाला तेव्हा तीन महिने होऊन गेले होते.

आणि मग रश्मी मॅडमनी ठरवलं, की फायनल इन्स्पेक्शन सरांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करायचा. सगळ्यांनी घरच्यांना घेऊन यायचं होतं. ज्योतीरामांनी अन्वरचे पाय धरायचेच बाकी ठेवले. गेममध्ये आवाज त्याचाच होता, धनेशने त्याला कधी पाहिलं नव्हतं, त्यामुळे तोच जाणं शहाणपणाचं होतं. मी बोलू काय, असं अन्वरने विचारलं. आभार मानायचे आणि खाली बसायचं, असं ठरलं.

तळवड्याच्या ऑफिसात खुर्च्या मांडल्या होत्या. अन्वर कडक इस्त्रीचा शर्ट घालून पुढे बसला. ज्योतीराम आणि विमलबाई शेवटच्या रांगेत. रश्मी मॅडमनी शाल घातली, नारळ दिला, आणि धनेश बोलायला उभा राहिला.

"पहिला भाग आम्ही आमच्या कौतुकासाठी बनवला होता," तो म्हणाला. "मित्रांनी छान छान म्हटलं. घरी बाबांना विचारलं तर ते नुसतं 'बघितला' म्हणाले. मन लावून बघितला तो एकट्या सरांनी. सर, तुमचे उपकार मी विसरणार नाही." आणि तो अन्वरच्या पायाशी वाकला. अन्वर विंचू चावल्यासारखा खुर्चीवरून उठला.

रश्मी मॅडमना वाटलं, ही नम्रता. त्यांनी हसून आठवण करून दिली, की दुसऱ्या भागाला सरांनी अजून तारे दिलेले नाहीत. ते आज इथेच, सर्वांसमोर, मोठ्या पडद्यावर द्यावेत. अन्वरने एक खिसा चाचपला, मग दुसरा. मग त्याने शेवटच्या रांगेकडे पाहिलं.

"फोन भाऊंकडं आहे," तो म्हणाला. "आणि खरं सांगू का मॅडम, सर पण भाऊच आहेत. मी नुसता टेम्पोवाला."

सगळ्या माना मागे वळल्या. विमलबाईंचीही वळली, आणि ती सगळ्यात जोरात. ज्योतीराम सावकाश उठले. धनेशच्या चेहऱ्याकडे बघायचं धाडस त्यांना होत नव्हतं.

"तू म्हणलास खरं सांगा," ते म्हणाले. "मला खरं तसंच सांगता येतं. सगळ्या दुनियेला दिसंल हे ठाव नव्हतं, ती माझी चूक. पण दोष व्हते, धनेश."

"होते," धनेश म्हणाला. "आता तपासा, बाबा."

सवलत कुणाला द्यायची नव्हती. ज्योतीरामांनी चष्मा लावला, फोन पडद्याला जोडून घेतला आणि पहिल्यापासून खेळायला घेतलं. वडापाव गार झाले. पाऊण तास चार कुटुंबांनी एका टेम्पोला चाकणपर्यंत जाताना पाहिलं आणि जाममध्ये इंजिन बंद झाल्यावर सगळ्यांनी हातपाय सैल केले. माल पोचला. शेवटी मदत करणाऱ्यांची नावं आली, सगळ्यांत वर ठळक अक्षरात 'फायनल इन्स्पेक्शन सर', आणि खेळ संपला.

ज्योतीरामांनी चार तारे दिले. मग एका बोटाने, एकेक अक्षर शोधत लिहू लागले, आणि ते पडद्यावर उमटत गेलं.

'दोष एक : बनवणाऱ्याचं नाव सगळ्यात खाली, बारीक अक्षरात आहे. चष्मा लावूनही वाचता येत नाही. कारण : घरातून वेळेवर शाबासकी मिळाली नाही. उपाय : नाव मोठं करावं.'

धनेश आपल्या टेबलाशी गेला आणि पाठ करून बसला. दहा मिनिटांनी पडद्यावर पुन्हा नावं आली. सगळ्यांत वर अन्वरचं आणि ज्योतीरामांचं नाव होतं, आणि खाली तेवढ्याच मोठ्या अक्षरात, 'बनवणारा : धनेश ज्योतीराम लोमटे'. शेवटच्या रांगेतून विमलबाईंनी ते चष्म्याशिवाय मोठ्याने वाचून दाखवलं.

रश्मी मॅडम पुढे झाल्या. "सर, दुरुस्ती झाली. आता पाचवा तारा द्यायला हरकत नसावी."

ज्योतीराम पडद्याकडे बघत उभे होते. त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, पुन्हा लावला आणि पुन्हा काढला.

"फेरतपासणी उद्या सकाळी," ते म्हणाले. "आज मला नीट दिसंना झालंय."