अकरा वळणं आणि एक किसणी

"वळणावर जो वेग कमी करतो त्याने फटफटी विकावी आणि म्हैस घ्यावी!"

मार्तंडरावांचं हे वाक्य चौलात लहानथोरांना पाठ होतं. सन तेहेतीस-चौतीसच्या सुमाराची गोष्ट सांगते. तेव्हा अलिबागेपासून रेवदंड्यापर्यंत फटफट्या अवघ्या तीन. एक मार्तंडराव वकिलांची, दुसरी रेवदंड्याच्या महादेव डॉक्टरांची आणि तिसरी हिरामण कंत्राटदाराची. दर रविवारी दुपारी हे तिघे मार्तंडरावांच्या ओटीवर जमत आणि आपण कुठे कुठे पडलो ते एकमेकांना सांगत. लढाईवरून आलेल्या सरदारांना जखमांचा नसेल एवढा अभिमान यांना खरचटण्याचा!

"हा गुडघा बघा," हिरामण धोतर वर करी. "उतारावर बैल आडवा आला. बैल वाचला, मी वाचलो, कुंपण गेलं!"

"त्यात काय!" डॉक्टर म्हणत. "मी औषधाच्या पेटीसकट विहिरीच्या काठापर्यंत घसरत गेलो. रोगी दोन दिवसांत बरा झाला, मी पंधरा दिवस निजून!"

मग मार्तंडराव पानाला चुना लावता लावता शांतपणे म्हणत, "मी बुवा एकदाही पडलो नाही. नागावपासून इथवर अकरा वळणं. एकाही वळणावर ब्रेकला बोट लावत नाही. फटफटी अशी आडवी करायची, की कानाला जमिनीचा वारा लागला पाहिजे!"

आत चहा गाळणारी त्यांची बायको पद्मा गाळणी खाली ठेवी आणि देवाला हात जोडी. लग्नाला आठ वर्षं झाली होती. नवरा आज येतो की झोळीतून येतो, ही धास्ती तिला रोजची. पण अलीकडे त्या धास्तीच्या उरावर दुसरी एक येऊन बसली होती. मार्तंडरावांची अलिबागच्या कोर्टातून घरी यायची वेळ बिघडली होती. वकिली बेताचीच, तेव्हा कधी दुपारीच हजर, तर कधी दिवे लागून गेले तरी पत्ता नाही. शिवाय विजारीच्या दुमडीत रेती!

"रस्त्याची धूळ गं," ते म्हणत.

रस्त्याची धूळ तांबडी. ही काळसर, आणि तिच्यात शिंपल्याचे चुरे. पद्माने विजार झटकली आणि ती रेती एका पुडीत बांधून ठेवली.

त्या रविवारी डॉक्टर म्हणाले, "चपलेच्या झिजेवरून मी माणसाची चाल सांगतो. तसंच टायरचं. जो वळणावर फटफटी आडवी करतो त्याचा टायर दोन्ही कडांना झिजतो. टायर कधी खोटं बोलत नाही!"

लगेच तिघे अंगणात उतरले. डॉक्टरांच्या टायरच्या कडा झिजलेल्या. हिरामणच्या तर गुळगुळीत. "आता वकीलसाहेबांचा बघू! वळणांच्या राजाचा!" हिरामण वाकला.

"थांबा!" मार्तंडराव ओरडले आणि अंगावरचं उपरणं काढून त्यांनी मागच्या चाकावर टाकलं. "गरम आहे अजून. हात भाजेल."

"सकाळपासून उभी आहे ना?"

"माझी उशिरा निवते! पुढच्या रविवारी बघा."

पाहुणे गेले. मार्तंडराव वामकुक्षीला आडवे झाले. पद्माने हळूच उपरणं उचललं. टायर मधोमध घासून सपाट झालेला, आणि दोन्ही कडा नव्या करकरीत! दुकानातून येताना रबराला असतात ते बारीक केससुद्धा जागच्या जागी!

पद्माने उपरणं पुन्हा होतं तसं घातलं. म्हणजे हा माणूस अकरा वळणांच्या रस्त्याने येतच नाही. मग येतो कुठून? कुणाकडून?

घरात बोलायला एकच माणूस, मार्तंडरावांच्या कोकिळाआत्या, विधवा होऊन इथेच राहिलेल्या. त्यांचा भाच्यावर जीव होता आणि जगावर संशय.

"पद्मे, वेळा लिहून ठेव," आत्याबाई म्हणाल्या. "पुरुष बोलण्यात सापडत नाही, वेळेत सापडतो."

पद्माने पंचांगाच्या कडेला पेन्सिलीने लिहायला सुरुवात केली. सोमवारी सव्वातीन. मंगळवारी चार. बुधवारी पावणेपाच. गुरुवारी साडेपाच.

"रोज पाऊण तास पुढे!" आत्याबाईंनी कपाळाला हात लावला. "कोर्ट असं सरकत नाही गो. हे कुणाच्या तरी सोयीने सरकतंय!"

आणि त्याच गुरुवारी रात्रीच्या स्वैपाकाला बसताना किसणी सापडेना. पद्माच्या माहेरची पितळी किसणी! फडताळ पाहिलं, कणगीमागे पाहिलं, शेणींच्या ढिगातसुद्धा पाहिलं.

"अहो, किसणी पाहिलीत का?"

मार्तंडरावांना जोराचा ठसका लागला. "किसणी? मी? मी वकील आहे!"

आत्याबाईंनी पद्माला माजघरात ओढलं. "झालं! तिकडे संसार मांडतोय. आज किसणी नेली, उद्या झारा, मग पाटा-वरवंटा. बघता बघता इथे आपण दोघी आणि चार भिंती उरू!"

पद्माला रात्रभर झोप नाही. डोळ्यांसमोर तिच्या किसणीवर दुसरीच कुणी बाई नारळ किसत होती.

सकाळी नीराबाई कोळीण मासळीची पाटी घेऊन मागल्या दारी आली. पद्माचे डोळे सुजलेले. पंचांग उंबऱ्यावरच पडलेलं. नीराबाईला अक्षर येत नव्हतं, तेव्हा तिने विचारलं, "काय लिवलंस गो बाय?" पद्माने वेळा वाचून दाखवल्या. एकादशीला सव्वातीन, द्वादशीला चार...

नीराबाई खो खो हसली. "आगो, ही त सुकतीची येळ! पानी पार खाली गेलं का त्याच्या मागून आर्ध्या घटकेत. आमचा घरधनी बी आसाच येतो. समिंदराच्या घड्यालावर!"

म्हणजे ओहोटी! पद्माने मनाशी जुळवून पाहिलं. ओहोटीवर चालतं कुणाचं घर? मासळीवाल्यांचं! तिने नीराबाईकडे नव्याने पाहिलं. अंबाड्यात अबोलीची वेणी, नाकात मोरणी, चुडा भरलेला हात...

"नीराबाई," ती म्हणाली, "तुला किसणी लागते का गं घरी?"

"मना? मासली काय किसून खातान?" नीराबाईने तिच्या तोंडाकडे पाहिलं, आणि तिच्या ध्यानात सगळं आलं. रागावायचं सोडून ती पाटीला धरून इतकी हसली की वरचा बोंबील खाली पडला. "चल गो येडे! आज पुनव हाय. सुकती सा वाजता. दाखवते तुजा वकील काय करतो त्ये!"

पाच वाजता पद्मा आत्याबाईंना "देवळात जाऊन येते" म्हणाली आणि नीराबाईबरोबर सुपारीच्या वाड्यांमधून दर्यावर गेली. पाणी लांब आत गेलेलं. ओली रेती नागावच्या बाजूला सरळ सरळ पसरलेली, सारवलेल्या अंगणासारखी कडक. दोघी केवड्याच्या बनामागे बसल्या. पद्माच्या एका हातात पुरावा म्हणून रेतीची पुडी!

फट् फट् फट् फट्... लांबून ठिपका दिसला. मार्तंडराव! छाती काढून, टोपी खिशात घालून, तोंडाने पद म्हणत, नाकासमोर येत होते. मागे कुणी बाई नाही. पुढेही नाही.

गावाकडे वळायची जागा आली. मार्तंडराव थांबले. खाली उतरले. दोन्ही हातांनी फटफटीचं मागलं चाक उचललं, वीतभर सरकवलं, टेकवलं. पुन्हा उचललं, पुन्हा सरकवलं. अडलेल्या म्हशीला गोठ्यात घालावं तशी ती फटफटी त्यांनी कण्हत कुंथत गावाच्या दिशेला फिरवली!

"ह्ये दोन म्हयने चाललंय," नीराबाई कुजबुजली. "आमची पोरां रोज बगाय येतात."

मग मार्तंडराव चाकाशी उकिडवे बसले. पिशवीतून पितळेचं काहीतरी काढलं. ती किसणी होती! आणि ते टायरच्या कडा किसू लागले. खर्र खर्र खर्र!

"अहो!" पद्मा बनातून उभी राहिली. "ती माझ्या आईची आहे!"

मार्तंडराव रेतीत बसकण मारून पडले. आयुष्यातला पहिला अपघात, तोही थांबलेल्या फटफटीशेजारी!

"तू इथे कशी? आणि हे... हे यंत्राचं काम आहे."

"तुम्ही दुसरं घर केलंत असं वाटलं मला!" पद्माने रेतीची पुडी पुढे केली. "आठ दिवस जेवण गोड लागलं नाही!"

मार्तंडराव मग मान खाली घालून म्हणाले, "अगं, मी रेतीवरच शिकलो. सरळ छान येते. पण वळण दिसलं की हात लाकडाचे होतात. एवढं बोलून बसलोय, आता सांगू कसा? परवा ते टायर बघणार. माझी लाज जाईल गं!"

पद्माने डोळे पुसले. हसावं की रडावं ते तिला कळेना. शेवटी तिने पदर खोचला, किसणी हातात घेतली आणि म्हणाली, "सरका. किसायचं कसं ते तुम्हाला काय कळणार? हात हलका ठेवावा लागतो."

घरी आल्यावर पद्माने किसणी परसात टाकीच्या कडेला लपवून ठेवली. रबराने काळी झालेली ही आता घरात घ्यायची नाही, नवी आणायची, असं तिने ठरवलं. आत्याबाईंना मात्र तिने काहीच सांगितलं नाही. नवऱ्याची लाज राखायची होती ना!

रविवार आला. डॉक्टरांनी भिंग लावून टायर पाहिला. "वा! काय एकसारखा झिजलाय! दोन्ही कडा तोलून घ्याव्यात अशा!" मार्तंडराव पानाला चुना लावू लागले. "मी म्हणालो नव्हतो? आडवी, पार आडवी!" पद्मा दाराआडून बघत होती. तिच्या मनावरचं मणभर ओझं उतरलं.

तेवढ्यात आत्याबाई तीन बशा घेऊन आल्या. बटाट्याचा गरमागरम कीस!

"किसणी सापडली गो पद्मे!" त्या आनंदाने म्हणाल्या. "टाकीपाशी होती. काळी काळी झाली होती, घेतली पुसून."

पद्माने बशीकडे पाहिलं. किसात जिऱ्यासारखे काळे कण, आणि जिरं तर घरात चार दिवसांपासून संपलेलं! तिने मार्तंडरावांकडे पाहिलं. मार्तंडरावांनी किसाकडे पाहिलं. आता तोंड उघडावं तर अकरा वळणं गेली. मार्तंडरावांनी डोळे मिटले आणि पहिला घास घेतला.

हिरामणने घास तोंडात घोळवला, एकदम थांबला, आणि खाली बघून गिळला.

महादेव डॉक्टरांनी मात्र दोनदा चव घेतली, वास घेतला आणि आपल्याच नादात बोलून गेले, "वहिनी, गंमत आहे हं! गेल्या महिन्यात आमच्याकडच्या किसालासुद्धा अगदी हाच वास..."

बोलता बोलता त्यांची नजर अंगणातल्या आपल्याच टायरकडे गेली. हिरामणही आपल्या टायरच्या गुळगुळीत कडांकडे पाठ करून बसला. तिघांनी आपापल्या बशा चाटूनपुसून रिकाम्या केल्या, आणि त्या दिवशी गप्पा झाल्या त्या फक्त सुपारीच्या पिकावर.