वाचले, समजले, मान्य आहे

मी, नरहर केशव मुळावेकर, वय अठ्ठावन्न, तत्कालीन कार्यालय अधीक्षक, लोकोदय कला व वाणिज्य महाविद्यालय, यवतमाळ, खरं तेच लिहितो आहे. एकतीस वर्षांच्या नोकरीत मी न वाचलेल्या कागदावर कधी सही केलेली नाही. स्वतःच्या लग्नाची पत्रिकासुद्धा मी छापखान्यात उभं राहून तीनदा वाचली होती. तरी सासऱ्यांचं नाव चुकलंच, कारण ते त्यांनीच चुकीचं लिहून दिलं होतं.

निवेदनाच्या सोयीसाठी पुढील बाबी आरंभीच स्पष्ट करण्यात येत आहेत. ‘महाविद्यालय’ म्हणजे उपरोक्त महाविद्यालय. ‘प्राचार्य’ म्हणजे त्या दिवशी उपस्थित असलेले प्राचार्य. ‘यंत्र’ म्हणजे सदरहू संगणक, पडद्यासह अथवा पडद्याविना. एकवचनात अनेकवचनाचा व पुल्लिंगात स्त्रीलिंगाचा समावेश समजावा. येथून पुढे वाचणारी व्यक्ती प्रस्तुत प्रकरणी साक्षीदार समजण्यात येईल. तारखा इंग्रजी पंचांगाप्रमाणे आहेत.

आता प्रकरण. आमचे प्राचार्य डॉ. स्वानंद पुसदकर नागपूरहून परतताना कळंबला चिंतामणीचं दर्शन घेऊन गाडीत बसले आणि मूल्यांकन समितीला पाठवायचा अहवाल मोबाईलला तोंडी सांगू लागले. सुविधांच्या रकान्यात ते ‘मॅथ लॅब, एक’ असं म्हणाले. मोबाईलनं ‘मॅक लॅब, एक’ असं लिहिलं. अहवाल त्याच गाडीतून पोर्टलवर चढला. आमच्याकडे मॅथ लॅबही नव्हती, पण ती नसणं आमच्या अंगवळणी पडलेलं होतं. मॅक लॅब नसणं नवीन होतं.

पोर्टलवर दुरुस्तीची सोय नाही. अहवाल बदलता येत नाही म्हटल्यावर वस्तुस्थिती बदलणं हा एकच कायदेशीर मार्ग उरतो. संस्थेचे अध्यक्ष वामनरावजी यांनी तातडीची सभा घेतली. मॅक या नावाच्या संगणकाची किंमत त्यांना सांगण्यात आली.

“हे कॉम्प्युटर आहे का ट्रॅक्टर?” त्यांनी विचारलं. “आपल्या इथंच बनवा ना एक. आतून काय आहे ते कोण पाह्यते?”

तेव्हा प्राचार्यांना सलीलची आठवण झाली. सलील दारव्हेकर आमच्याकडे आठ वर्षांपासून वाणिज्यच्या मुलांना संगणक शिकवतो. तो तासिका तत्त्वावर आहे, म्हणजे जेवढे तास शिकवेल तेवढा मोबदला. उन्हाळ्यात नोकरी संपते आणि जुलैत पुन्हा नवीन आदेश निघतो. आठ वेळा नवीन लागलेला माणूस आमच्या संस्थेत दुसरा नाही. पांढरकवड्याला बँकेत असलेल्या भैरवीशी त्याचं लग्न ठरून तीन वर्षं झाली. तिच्या वडिलांचं म्हणणं एवढंच होतं की आधी कायम नेमणुकीचा आदेश दाखवा, मग तारीख काढू.

“मॅक उभा करा,” वामनरावजी त्याला म्हणाले. “समितीनं पास केलं का तुमचा कायमचा आदेश माह्या सहीनं.”

सलीलनं दत्त चौकातून सुटे भाग आणले. हाच प्रोसेसर, हेच ग्राफिक्स कार्ड, दुसरं चालत नाही, असं तो दुकानदाराला बजावत होता. वरसंशोधनात घालतात तेवढ्या अटी त्यानं घातल्या. मी सामान नोंदवून घेत होतो, म्हणून खुलासा मागितला.

“काका, जोडलेल्या कॉम्प्युटरवर मॅक चालते,” तो म्हणाला. “पण त्याले आधी पटवावं लागते का तो सोता मॅकच आहे. एका फायलीत मॉडेलचं नाव आन् नंबर लिहून द्यायचा. चालू होतानी तो वाचते आन् समजते, आपण आयमॅक आहो.”

“म्हणजे यंत्राचं स्वयंघोषणापत्र.”

“तसंच समजा.”

“पडताळणी कोण करतं?”

“तोच करते.”

तहसीलमध्ये ज्या कामाला माणसाला चार चकरा लागतात, ते काम हा डबा एका क्षणात स्वतःचं स्वतः उरकतो, याचं मला कौतुक वाटलं.

कौतुक नऊ दिवस टिकलं नाही. बटण दाबलं की काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी सुसाट धावत आणि एका ओळीवर येऊन गप्प होत. सलील एक अक्षर बदलायचा आणि पुन्हा बटण दाबायचा. यंत्र पुन्हा अडायचं, कधी तिथंच, कधी दोन ओळी पुढे. दोन ओळी पुढे गेलं की तो मला चहा पाजायचा. फाईल आमच्या कार्यालयातही अशीच अडते. फरक एवढाच की यंत्र कुठे अडलं ते लिहून दाखवतं.

दहाव्या दिवशी पडद्यावर एक लांबलचक करारनामा उमटला. खाली दोन बटणं होती, मान्य आणि अमान्य. सलीलनं हात पुढे केला.

“थांबा,” मी म्हणालो. “वाचलं का?”

“काका, हे कोणी वाचत नाही. साऱ्या दुनियेत कोणी वाचत नाही.”

“लोकोदय महाविद्यालयात वाचतात.”

मी त्याला उठवलं, शब्दकोश घेतला आणि वाचायला बसलो. अडीच दिवस लागले. सलील बाहेर ओट्यावर बसून होता. समिती पाच दिवसांवर आली होती आणि त्याचा रंग उतरत चालला होता, हे मला दिसत होतं. तिसऱ्या दिवशी मला ते कलम सापडलं. ही प्रणाली केवळ सफरचंदवाल्या कंपनीचं लेबल असलेल्या संगणकावरच वापरता येईल, असा त्याचा मी अर्थ लावला.

“मंग संपलं,” सलील म्हणाला. त्यानं डोक्याला हात लावला. “अमान्य दाबा आन् मले घरी जाऊ द्या.”

“घाई करू नका. लेबल असलेला, एवढंच म्हटलं आहे. ते कोणी लावावं, याबाबत कलम मौन आहे.”

बस स्टँडच्या बाहेर लालीबाईंची फळांची गाडी आहे. सफरचंदांवर ते गोल स्टिकर असतं, ते मला हवं होतं.

“नुसतं स्टिकर कायले पाह्यजे साहेब?” त्या म्हणाल्या. “लोकं ते काढून फेकते.”

“शासकीय काम आहे.”

“मंग सेब घ्यावं लागन. सेबासंगं स्टिकर फुकट.”

स्टिकरवर सफरचंदाचं चित्र होतं आणि खाली ‘प्रीमियम क्वालिटी’ असं छापलेलं होतं. कंपनीच्या चिन्हात उजव्या बाजूला लचका तोडलेला आहे, म्हणून मीही चित्राची उजवी कड कात्रीनं गोल कापून घेतली. डब्यावर स्टिकर चिकटवलं, फाईलवर ‘लेबल लावण्यात आले’ अशी टिपणी केली आणि मग स्वतः मान्य दाबलं. सफरचंद शिपाई फकिरानं खाल्लं. त्याची पोच फाईलला आहे.

यंत्र चालू झालं. आवाज येत नव्हता, तो अठ्ठावीस प्रकारचे आकडे घालून पाहिल्यावर आला. यंत्र झोपलं की उठत नव्हतं. त्यावर उपाय सापडला नाही, पण कार्यालयात ती बाब कोणाच्या लक्षात आली नाही.

समितीच्या आदल्या दिवशी प्राचार्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. अहवालात संगणकाचे एक पूर्णवेळ, कायम प्राध्यापक दाखवले होते आणि तेही नव्हते. “दारव्हेकरांचंच नाव घाला,” ते म्हणाले. “एका दिवसाचा तर प्रश्न आहे.” मी हमीपत्र टाइप केलं: ‘मी सदर पदावर पूर्णवेळ व कायम कार्यरत असून याबाबत माझी कोणतीही मागणी अथवा तक्रार नाही. वरील मजकूर वाचला, समजला, मान्य आहे.’

सलील टेबलाखाली वायरी जोडत होता. मी कागद खाली धरला.

“काय आहे काका?”

“वाचा.”

“वाचतो कुठं आता. उद्या समिती आहे.”

“वाचा,” मी पुन्हा म्हणालो.

त्यानं कागद डब्याच्या पत्र्यावर टेकवला आणि सही केली. मी तिसऱ्यांदा वाचा म्हणालो नाही. या निवेदनातली सर्वांत महत्त्वाची नोंद हीच आहे, ती कृपया अधोरेखित समजावी.

समितीच्या अध्यक्ष पद्मजा मॅडम फार बारकाईनं पाहणाऱ्या होत्या. त्यांनी पडदा पाहिला आणि मग खाली वाकून डबा पाहिला.

“आयमॅकमध्ये सगळं पडद्यातच असतं,” त्या म्हणाल्या. “हा डबा कशाचा?”

प्राचार्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, “मॅडम, यंत्राचं स्वतःचं म्हणणं नोंदीवर आहे.”

सलीलनं पडद्यावर माहितीची खिडकी उघडून दाखवली. यंत्रानं स्वतःचं नाव आयमॅक असंच लिहिलं होतं, नंबरासह. लेखी पुराव्यापुढे मॅडमचा नाइलाज झाला. ‘आयमॅक, एक, डब्यासह’ असं त्यांनी लिहिलं. स्टिकर पाहून ‘दर्जा: प्रीमियम’ हेही लिहिलं. मग त्यांनी सलीलकडे पाहिलं.

“आणि आपण? कायम आहात?”

अडीच आठवडे सलील एका डब्याला स्वतःविषयी खोटं बोलायला शिकवत होता. “हो मॅडम,” तो म्हणाला. आणि लगेच यंत्राकडे पाहत राहिला.

आम्हाला उत्तम श्रेणी मिळाली. वामनरावजींनी प्राचार्यांना शाल आणि नारळ दिला. महाविद्यालयाच्या संकेतस्थळावर कायम प्राध्यापकांच्या यादीत सलीलचं नाव झळकलं. ते पाहून भैरवीच्या वडिलांनी वैशाखातली तारीख काढली. सलील पेढे घेऊन आदेश न्यायला आला. मी फाईल उघडली.

“आदेश काढता येत नाही,” मी म्हणालो. “पद रिक्त नाही. तिथे एक कायम प्राध्यापक कार्यरत आहेत.”

“कोण?”

“श्री. सलील दारव्हेकर.”

तो हसला. मग हसायचा थांबला. “काका, तो मीच आहो ना.”

“कागदावरून तसं दिसतं. पण ज्या पदावर आपण अगोदरच कायम आहात, त्यावर आपल्याला कायम करता येत नाही.”

“बरं. मंग जुलैत पुन्हा तासिकेवर घ्या.”

“कायम प्राध्यापकाला तासिका देता येत नाही. तसा स्पष्ट नियम आहे.”

“मंग कायमचा पगार द्या.”

“त्याला आदेश लागतो.”

पेढ्याचा पुडा त्याच्या हातातच राहिला. “काका, तुम्ही सारं वाचता,” तो म्हणाला. “हे तुम्हाले तेव्हाच समजलं असन.” समजलं होतं. मी फाईलची दोरी बांधत राहिलो. मला फार वाईट वाटलं, पण फाईलमध्ये वाईट वाटण्याचा रकाना नाही.

वैशाखातलं लग्न झालं नाही. सलीलनं भैरवीला स्वतःच सगळं सांगून टाकलं. “लढत असशील तर मी थांबीन,” ती म्हणाली. “गप बसणाऱ्याच्या घरी मले यायचं नाही.”

सलीलनं शेवटच्या दिवशी यंत्राची नीट साफसफाई केली आणि लॅबची चावी माझ्या हातात दिली. त्यानंतर यंत्र उघडलं की आधी पडद्यावर एक सूचना येऊ लागली. प्रयोगशाळेचे नियम, एक ते पंधरा, बारीक अक्षरात, खाली नाव निवडायचा रकाना आणि मान्य हे बटण. प्राचार्य रोज पाहुण्यांना मॅक दाखवत आणि मान्य दाबत. वामनरावजींनीही दोनदा दाबलं. यंत्र जिवंत आहे की नाही ही नोंद मला रोज करावी लागे, म्हणून मीही दाबत होतो.

बावीस दिवस. न वाचता.

तेविसाव्या दिवशी माउस अडला आणि नाइलाजानं मी चष्मा लावला. चपला बाहेर काढाव्यात, डबे आणू नयेत, इथपर्यंत ठीक होतं. बारावा नियम असा होता: ‘मान्य करणारी व्यक्ती कबूल करते की श्री. सलील दारव्हेकर हे आठ वर्षे तासिका तत्त्वावर होते, त्यांना कायम केल्याचा आदेश कधीही निघाला नाही, व हे आपल्याला पूर्वीपासून माहीत आहे.’ कोणी किती वेळा मान्य केलं, याचा हिशेब यंत्र पानाच्या तळाशी ठेवत होतं. प्राचार्य एकसष्ट. अध्यक्ष दोन. मुळावेकर बावीस.

मला आधी राग आला. मग माझी मलाच लाज वाटली. एकतीस वर्षांची ऐट एका बटणानं उतरवली होती. आणि यंत्राचं म्हणणं खोटं कसं म्हणावं? यंत्राचं म्हणणं नोंदीवर असतं, हे समितीसमोर मीच सांगितलं होतं. मी त्या पानाची छापील प्रत काढली, वाचली, पुन्हा वाचली, सही केली आणि सलीलच्या घरी नेऊन दिली.

सलीलनं दाखल केलेलं प्रकरण आता न्यायाधिकरणापुढे आहे. वकील म्हणतात, दोन साक्षीदार लागतील. एक मी. तीस जूनला निवृत्त झालो आहे, आता माझी बदली फार तर देवघरातून ओट्यावर होईल. दुसरा कोणी महाविद्यालयातून पुढे येईना. सगळ्यांना माहीत आहे, पण सगळ्यांना नोकऱ्या आहेत.

“दुसरा साक्षीदार कुठून आणता?” वकिलांनी विचारलं.

मी त्यांना या निवेदनाचा दुसरा परिच्छेद दाखवला. तो तुम्हीही परत जाऊन पाहावा. ‘येथून पुढे वाचणारी व्यक्ती’ असं तिथे स्वच्छ लिहिलं आहे, पंचांगाच्या जरा अलीकडे. तुम्ही इथपर्यंत आलात, तेव्हा ते तुम्हाला मान्य आहे.

तारीख कळवण्यात येईल. येताना आधार कार्डाच्या दोन झेरॉक्स आणाव्यात.