पाडव्याचा सालगडी

आमच्या बँकेच्या औंढा शाखेचे मॅनेजर वसंतराव जहागीरदार दर पाडव्याला सालगडी म्हणून कामाला लागत. आमच्याकडे गड्याचं साल पाडव्याला सुरू होतं, म्हणून तोच मुहूर्त. फक्त साहेबांचं साल एका दिवसाचं असे, कारण बँक वर्षभराची रजा देत नव्हती.

मी त्या शाखेत कॅशियर. कॉम्प्युटर अजून यायचे होते. साहेबांचं पालुपद एकच, "नुकसान कोणाचं?" शिपायानं कप फोडला तरी तेच, शेतकरी गारपिटीचं सांगू लागला तरी तेच. एखाद्या अर्जात 'मोबदला' हा शब्द दिसला की चष्मा काढून टेबलावर ठेवत आणि त्या दिवशी कोणाची सही होत नसे.

त्याचं कारण एका ट्रंकेत होतं. निजामाच्या काळात साहेबांचे आजोबा जहागीरदार. कोंडीबा नावाच्या पोराच्या बापानं त्यांच्याकडून दोन पोती ज्वारी उचलली, ती फिटेना, म्हणून आठ वर्षांचा कोंडीबा त्यांच्या गोठ्यात आला आणि चाळीस वर्षं तिथंच राबला. पुढं जहागिऱ्या गेल्या. सरकारनं आजोबांना वर्षानुवर्षं मोबदला दिला. त्याच पैशावर साहेब औरंगाबादला शिकले. कोंडीबाला एक दमडी मिळाली नाही. आजोबांनी केलेल्या अर्जाची नक्कल साहेबांना ट्रंकेत सापडली. नुकसानीच्या यादीत सोळा बैल होते, एकेकाच्या नावानिशी. त्याखाली नुसतं 'गडी नऊ'. माणसं सुटली, हे त्या गृहस्थांचं नुकसान!

साहेबांनी तो कागद पुतण्याच्या लग्नात भर पंगतीत वाचून दाखवला. तेव्हापासून भावांनी बोलणं टाकलं. बायको आधीच गेलेली. सणासुदीला साहेबांना कोणाचं बोलावणं नसे.

मग त्यांनी कोंडीबाला शोधून काढलं. तो सिद्धेश्वर धरणाच्या बाजूला मुलाकडं राहत होता. त्याच्या गोठ्यात साहेब दर पाडव्याला सफारी घालून शेण काढत. त्यांची एकच इच्छा होती. गड्याला मारतात तशी कोंडीबानं आपल्याला नावानं हाक मारावी. कोंडीबा काही 'मालक' सोडेना. साहेब जेवल्याशिवाय स्वतः जेवायलाही बसेना.

मला या सगळ्याची चीड यायची. माझी आजी अशाच दुसऱ्या एका गढीवर वेठीला राबली. आमच्या बुद्धवाड्यात पाडव्याला कोणी खराटा घेऊन आलं नाही. एकदा मी साहेबांना आजीचं सांगून तोंडावर विचारलं, एक दिवस शेण काढल्यानं चाळीस वर्षं फिटतात का?

"न्हाई फिटत, खंदारे," ते म्हणाले. "म्हणून तर दर साली रजा शिल्लक ठेवतो."

पाडव्याला मुळात सुट्टीच असते, हे मी बोललो नाही.

एका पाडव्याला त्यांची स्कूटर बिघडली, म्हणून मी त्यांना माझ्या मोटारसायकलवर घेऊन गेलो. साहेब गोठ्यात शिरले. कोंडीबा बाहेर बाजेच्या कडेला अवघडून उभा. त्याची सून गयाबाई मला हळूच म्हणाली, "मामंजी पहाटेच उठून सारा गोठा झाडतेत. मालकाच्या हाताला घाण लागू नाही म्हून. मंग मालकासाठी शेणाच्या दोन पवट्या ठिवतेत. आमी म्हणतो, त्यांना येऊच नका म्हणा. तर म्हणतेत, सणाचं जेवाय त्याला घर न्हाई."

माझं डोकंच फिरलं. म्हणजे साहेबांच्या प्रायश्चित्ताची वेठ पुन्हा कोंडीबाच करत होता! वर पोळीही तोच घालत होता. परतताना गाडी थांबवून मी ते सगळं सांगितलं आणि शेवटी विचारलं, "साहेब, नुकसान कोणाचं?"

साहेबांनी चष्मा काढला. औंढा येईपर्यंत तो हातातच होता.

पुढच्या पाडव्याला मात्र त्यांनी मला पहाटे चार वाजताच गाडी काढायला लावली. आम्ही पोचलो तेव्हा कोंडीबा नुकताच उठत होता. साहेब थेट गोठ्यात. अख्ख्या रात्रीची घाण तिथं होती. ओंजळी भरभरून शेण उचलत ते गाईच्या मागनं निघाले, आणि दारातून कोंडीबा ओरडला, "अरं वसंत्या, तिच्या मागनं काहून जाऊन राहिला? लाथ घालंल ती!"

साहेब हाक ऐकून जागीच उभे राहिले. गाईनं लाथ घातलीच.

साहेब शेणात बसले होते आणि लहान पोरासारखे रडत होते. आपण काय बोललो ते कोंडीबाच्या ध्यानात आलं. त्यानं घाबरून हात जोडले. "चुकलं, मालक."

"चुकलं न्हाई," साहेब म्हणाले. "हात सोड, कोंडीबा."

कोंडीबा हात जोडूनच जवळ आला. मग त्यानं जोडलेले हात सोडले आणि त्यातला एक पुढं केला. "ऊठ. धुऊन घे आधी. मंग संगंच बसू."

दुपारी गयाबाईनं तिघांची ताटं शेजारी मांडली. पोळी मोडण्याआधी साहेब माझ्याकडं वळले.

"खंदारे, तुमच्या आजीचं नाव काय होतं?"

सहा वर्षं आम्ही एका शाखेत होतो. हे विचारायला त्यांना सहा वर्षं लागली, याचा मला संताप आला.

"चंद्रभागा," मी म्हणालो, आणि हातातली पोळी परत ताटात ठेवली.