धोंडाबाईच्या पगाराचा ठराव

कामशेतजवळ, रेल्वेच्या रुळांपासून हाकेच्या अंतरावर आमच्या गावची शाळा आहे. मास्तर एक, इयत्ता चार आणि त्याखाली बिगारीचा वर्ग. मास्तर चार इयत्तांनाच पुरे पडत नाहीत, म्हणून बिगारी धोंडाबाई सांभाळते. वाडीवरची लहान पोरं ओढ्यातून कडेवर आणते, नाकं पुसते, दिवसभर त्यांच्यात बसते. या कामाला शाळा कमिटीने ‘सेवा’ असे नाव दिले आहे. दर दिवाळीला आम्ही तिला चोळीचा खण देतो.

यंदा खण हातात घेऊन ती तिथेच उभी राहिली.

“आबा, खण लय झाले. पोटाला कायतरी द्या. घरात तांदूळ न्हाई.”

अध्यक्ष कोंडाजी आबांना हे मनापासून पटले. पण पटलेली गोष्ट लगेच करायची तर कमिटी कशाला हवी? आम्ही शाळेचा कारभार पाहणाऱ्या लोकल बोर्डाकडे अर्ज केला. बोर्डाने कळवले की, गावाचे काम करणाऱ्यास गावाने खळ्यावर बलुते देण्याचा रिवाज आहे, तो मोडू नये.

“आसं कसं?” आबा म्हणाले. “शाळा सरकारची, बाई सरकारची. सरकारी माणसाला खळ्यावर भात घातलं तर ती लाच व्हईल!”

“पन ती सरकारी कुटं हाये?” दुकानदार कादरभाईंनी विचारले.

कादरभाईंना पोच कमी. तरी आम्ही बोर्डाला विचारले. उत्तर आले: बाई पगार घेत नाही, सबब ती सरकारी नोकर नव्हे. इकडे गावाने पाहिले तर तिने बलुतेही कधी घेतलेले नाही, सबब ती बलुतेदारही नव्हे. आजवर कोणी काही दिले नाही म्हणून यापुढे तिला कोणीच काही देऊ शकत नाही, हे दोन्हीकडून सिद्ध झाले. आम्ही समाधानाने चहा घेतला.

दुसऱ्या दिवशी धोंडाबाई भातकापणीला गेली. बिगारीची पोरं शाळेतून निघाली आणि आगगाडी बघायला थेट रुळांवर जाऊन बसली. गँगमनने धावत जाऊन उचलली म्हणून वाचली. त्यानंतर पोरांच्या आयांनी आबांच्या दारात जी भाषा वापरली, ती इतिवृत्तात घेता आली नाही.

तातडीची सभा भरली. बिनरजेची गैरहजेरी, तेव्हा दंड झालाच पाहिजे. पण दंड पगारातून कापतात आणि बाईला पगारच नाही. अखेर आबांनी तोड काढली. बाईला दरमहा दोन रुपये पगार मंजूर करावा आणि दरमहा दोन रुपये दंड कापावा. ठराव एकमताने पास झाला. कादरभाई तेवढे उठून गेले होते.

धोंडाबाईला बोलावून ठराव वाचून दाखवला. विळा खाली न ठेवताच तिने तो ऐकला.

“पगार बी तुमचा, दंड बी तुमचाच. पोरं बी तुमचीच हायेत, सांबाळा आता,” म्हणाली आणि कापणीला निघून गेली.

तेव्हापासून शिकलेली मंडळी आमच्या कमिटीला हसतात. वाचक महाराज, आपणही हसत असाल. आपणास अक्षर कोणी शिकवले, त्या गुरुजींचे नाव आपण चटकन सांगाल. पण पहिल्या दिवशी आपण शाळेत भोकाड पसरले, तेव्हा मांडीवर घेऊन कोण बसली होती? तिचे नाव सांगा आणि मग खुशाल हसा.