मागच्या सीटवरचा गारवा

आमच्या गाडीचा एसी बिघडलेला नाही. बिघडायला आधी तो चालावा लागतो. बटण फिरवलं की पुढे बसणाऱ्याच्या गुडघ्यांवर कुणीतरी लांबून फुंकर घातल्यासारखं वाटतं. मागे बसणाऱ्याला फक्त आवाज ऐकू येतो.

मागे सासूबाई बसतात.

बायको गेली तेव्हा सासूबाई महिनाभरासाठी म्हणून आल्या आणि राहिल्या. मी जा म्हटलं नाही, त्यांनी विषय काढला नाही. लेकीची शाळा, माझा डबा, दूधवाल्याशी भांडण, सगळं घर त्यांच्यावर चालतं. पण या उन्हाळ्यात माझ्या साडूने नवी गाडी घेतली आणि सासूबाई धाकट्या लेकीकडे चार दिवस राहून आल्या त्या वेगळ्याच होऊन आल्या.

"मागेसुद्धा गार वारा येतो हो," भाजी निवडता निवडता त्या म्हणाल्या. "मागच्यांसाठी वेगळे झरोकेच आहेत. धाकटी म्हणत होती, आता इथेच राहा कायमची."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"बघते म्हणाले."

सासूबाई 'बघते' म्हणाल्या की त्यांचं बघून झालेलं असतं. मी तिथल्या तिथे जाहीर केलं, "आपण नवी गाडी घेतोय!"

आता, मी शीतगृहात सुपरवायझर आहे. बटाट्याची पोती, थंडी आणि दार या तीन गोष्टींवर माझी नोकरी उभी आहे. तेव्हा गाडीचा गारवा सेल्समनच्या शब्दावर विकत घेणं मला कमीपणाचं वाटलं. (साडू बँकेत आहे. त्याने रंग बघून घेतली.)

मुद्दाम भर दुपारी सगळ्यांना घेऊन शोरूममध्ये गेलो. टायवाल्या सेल्समनला बरोबर घेतलं आणि चाचणीची नवी गाडी गावाबाहेरच्या उघड्या मैदानात आणली.

"साहेब, त्या झाडाखाली लावू या ना?"

"छे! माल उन्हातूनच येतो," मी म्हणालो. त्याला काही कळलं नाही.

शीतगृहात पोती एकमेकांना चिकटवून रचत नाहीत. मधून हवा फिरायला वाट ठेवतात. त्याच पद्धतीने मी मागची सीट रचायला घेतली.

"आई, तुम्ही दारापासून चार बोटं आत सरका. आणि तू गं, आजीपासून वीतभर लांब."

"जावईबापू, मी काय बटाटा आहे?"

(बटाटा सांगितलेलं ऐकतो. पण हे मी बोललो नाही.)

"गार लागतंय का?"

"तुम्ही गप्प बसलात तर कळेल."

गप्प बसलो. थोड्या वेळाने त्यांनी डोळे मिटले, पदर सैल केला आणि म्हणाल्या, "हं. बरंय."

सासूबाईंचं 'बरंय' म्हणजे सुवर्णपदक. शहाणा माणूस तिथेच सही करून घरी गेला असता. पण माल भरण्याआधी रिकामी खोली किती गार होते ते बघायचं, हा आमच्याकडचा पहिला नियम. मी उलटं करून बसलो होतो. मला चैन पडेना.

"सगळे बाहेर या. पाच मिनिटं."

"आत्ता तर आत बसलो ना, बाबा!"

सगळ्यांना खाली उतरवलं. कामावरचं थर्मामीटर मागच्या सीटवर, आकडे काचेकडे करून ठेवलं. एसी पूर्ण सोडला. आणि दार लावताना, गारवा निसटू नये म्हणून शीतगृहात कडी घालतो तसं, हाताच्या सवयीने खटका दाबून दार ओढून घेतलं. चारही दारं एकदम म्हणाली, खट्.

"साहेब," सेल्समन हळूच म्हणाला, "किल्ली?"

"आत. किल्लीशिवाय एसी कसा चालेल?"

"आणि माझा फोन?"

"तोही आत. चार्ज होतोय."

सासूबाईंची पर्स त्यांच्या हातात होती (ती त्या झोपेतही सोडत नाहीत). त्यांनी फोन पुढे केला. "लावा तुमच्या शोरूमला. नंबर सांगा."

"नंबर फोनमध्ये आहे, आजी."

दुसरी किल्ली आणायला तो टाय डोक्यावर घेऊन चालत निघाला. आम्ही तिघं गाडीभोवती उभे राहिलो. मी काचेला नाक लावलं.

"चोवीस! आई, बघा, चोवीस! अजून उतरतंय!"

"उतरू दे. आपण वर चढतोय."

लेक काचेला गाल चिकटवून उभी होती. "बाबा, एसी मस्त आहे हं."

एक सायकलवाला थांबला. "बंद पडली का गाडी?"

"नाही हो," सासूबाई म्हणाल्या. "चालू आहे, गारही आहे. आम्हीच बाहेर आहोत."

मग त्यांनी धाकटीला फोन लावला. साडू आला. त्याने आपल्या गाडीचं मागचं दार उघडलं तेव्हा आतला वारा माझ्यापर्यंत आला. माझ्याकडे बघून तो हसला नाही, हे जास्त लागलं.

"मी जाते धाकटीकडे," सासूबाई म्हणाल्या. "माझी बॅग तेवढी भरून ठेवा." लेकही आजीबरोबर गेली. तिचा दोष नाही.

मी मात्र चालू गाडी सोडून जाऊ शकत नव्हतो. किल्ली आली तेव्हा आकडा सोळावर होता. भर उन्हात उभ्या गाडीत इतका चांगला आकडा मी कधी पाहिला नव्हता, पण सांगायला कुणी नव्हतं.

गाडी शोरूमला परत देऊन संध्याकाळी घरी आलो आणि सासूबाईंचं कपाट उघडलं. चार लुगडी, औषधं, आणि खाली त्यांच्या लेकीचा, म्हणजे माझ्या बायकोचा, जुना स्वेटर. तो बॅगेत घालायचा की इथे ठेवायचा, ते मला ठरवता येईना. म्हणून काहीच भरलं नाही.

सकाळी दारावर थाप पडली. सासूबाई! कानाला रुमाल, मान एका बाजूला, नाक लाल. मागे लेक हसू दाबत उभी.

"अहो आई, काय झालं?"

"मान अवघडली. गाडीत वारा, घरात परवाच लावलेल्या एसीचा वारा, जेवताना डोक्यावर वारा. बंद करा म्हटलं तर साडूंना तुमच्या रिमोट सापडेना." त्या सलग तीनदा शिंकल्या. "बॅग भरलीत?"

"नाही."

"वाटलंच." त्या खुर्चीवर टेकल्या. "आधी तो पंखा बंद करा."

"बंदच आहे, आई. कालपासून फिरतच नाहीये."

सासूबाईंनी सावकाश रुमाल सोडला आणि सुखाने मान टेकवली.

"तुमचं हेच बरं आहे, जावईबापू. तुमच्या घरात काही चालत नाही, म्हणून काही बाधत नाही."